वादळाच्या रात्री दोरी ओढली की जनरेटर सुरू व्हावा म्हणून

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच कळेल. तुम्ही रावेर तालुक्यातले. गेल्या जूनच्या वादळात केळी आडवी झाली, तिच्यासोबत विजेचे खांबही, आणि तीन दिवस लाइट आली नाही. घरचा इन्व्हर्टर पहिल्याच रात्री बसला. फ्रिजमध्ये वडिलांचं इन्सुलिन होतं, टाकीत पाणी नव्हतं, बोअरची एक एचपीची मोटर बंद. म्हणून पंचवीस हजारांच्या आत बसेल असा पेट्रोलचा जनरेटर घ्यायचा विचार आहे. पण शेजारच्या आबांनी दोन वर्षांपूर्वी असाच एक घेतला होता आणि ऐन वादळात तो सुरूच झाला नाही. त्यामुळे मन धजत नाही. कोणता घ्यावा आणि टिकवावा कसा, हे तुम्ही विचारलंय.

माझं अमळनेरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जनरेटरवर हात बसला तो भारनियमनाच्या काळात. २००५ नंतरची काही वर्षं बाजारपेठेत दर दुसऱ्या दुकानाच्या ओट्यावर एक छोटा जनरेटर धडधडत असायचा. ते रोज चार-सहा तास चालायचे, रॉकेलवर चालायचे, तेल बदलायची कोणाला शुद्ध नसायची, तरी दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला उठायचे. आज माझ्याकडे जे येतात त्यांतले बरेचसे नवेकोरे असतात, टाकीवरचं स्टिकरसुद्धा निघालेलं नसतं. वर्षातून चार दिवस चाललेले आणि बाकीचे दिवस गोठ्यात पोत्याखाली काढलेले. घेऊन येणाऱ्याचं वाक्य ठरलेलं: "भो, हाई मशीन चालूच व्हस नई."

म्हणून कोणत्या प्रकारचा आणि किती केव्हीएचा, म्हणजे किती ताकदीचा, हे मी मागाहून घेतो. आधी आबांच्या जनरेटरला काय झालं असेल ते सांगतो, कारण तुम्ही कितीही भारी घेतला तरी त्यालाही हेच होणार आहे.

इंजिनात हवा आणि पेट्रोल मिसळून देणारा भाग म्हणजे कार्बोरेटर, त्याच्या तळाशी एक वाटी असते. इंजिन बंद केलं तरी त्या वाटीत थोडं पेट्रोल उभं राहतं. पडून पडून त्यातला हलका भाग उडून जातो, जड भाग मागे राहतो आणि त्याचा पिवळट, चिकट, वार्निशसारखा थर वाटीत आणि पेट्रोल वर सोडणाऱ्या जेटमध्ये बसतो. जेटचं भोक ते केवढं? सुईचं टोक जाईल न जाईल एवढं. त्यात हा थर बसला की पेट्रोल वर चढत नाही. तुम्ही दोरी ओढून ओढून खांदा उतरवून घ्या, फार तर चोकवर दोन सेकंद फुरफुरेल आणि गप्प होईल. जळगाव-भुसावळ पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. दुसरीकडे जे व्हायला तीन-चार महिने लागतील ते आपल्याकडे दीड-दोन महिन्यांत होतं, असा माझा अनुभव आहे.

त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. त्यात कदाचित आपल्याच शिवारातला मका असेल, माझी तक्रार नाही. रोज चालणाऱ्या गाडीला त्याचं फारसं काही होत नाही. पडून असलेल्या मशीनला होतं, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. मृगाचा पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली, की अर्ध्या रिकाम्या टाकीत हळूहळू पाणी शिरत जातं. ते प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं, आणि टाकीचा कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, तळाशीच असतो. मग वाटीत पांढरी भुकटी, सुईला गंज, जुन्या मशीनमध्ये रबरी नळी फुगलेली. वाटी उघडली की काय झालंय ते वासावरूनच कळतं, जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबट उग्र वास येतो.

उपाय फुकट आहे. जनरेटर बंद करताना बटण दाबून बंद करू नका. आधी सगळा लोड काढा, दोन मिनिटं मोकळा चालू द्या, मग पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत थांबा. वाटीतलं पेट्रोल जळून संपलं की ते बंद पडेल. लोड काढायचा तो एवढ्यासाठी की बंद पडता पडता इंजिन आचके देतं, व्होल्टेज खालीवर होतं आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरला ते सोसत नाही. मग वाटीच्या खालचा छोटा स्क्रू ढिला करून उरलेले चार थेंब काढून घ्या. महिन्याभरात पुन्हा लागणार नसेल तर टाकीही रिकामी करा. पेट्रोल वाया जात नाही, मोटरसायकलमध्ये ओता. टू-स्ट्रोक मशीन असेल तर मात्र त्यात तेल मिसळलेलं असतं, ते गाडीत ओतू नका.

दुसरं, महिन्यातून एकदा चालवा. मी गिऱ्हाइकांना सांगतो, अमावास्येला गाडी धुता, लिंबू-मिरची बांधता, त्याच दिवशी जनरेटरची दोरी ओढा. तारीख लक्षात ठेवायला नको, घरातली म्हातारी माणसंच आठवण करून देतात. अर्धा लिटर ताजं पेट्रोल टाकायचं, वीस मिनिटं चालवायचा, आणि चालवायचा तो लोडवर. इस्त्री लावा, नाहीतर एखादा जुना हॅलोजन. मोकळा चालवला तर इंजिन पुरतं तापत नाही, आतला ओलावा तसाच राहतो, प्लग काळा होतो.

लोडवर चालवायचं आणखी एक कारण आहे, ते फार जणांना माहीत नसतं. इंजिन मस्त चालतंय पण दिवा लागत नाही, अशी तक्रार घेऊन लोक येतात. त्यांना वाटतं वाइंडिंग जळालं. पुष्कळदा तसं काही नसतं. ब्रश आणि एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं कार्ड) असलेल्या जनरेटरच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, थोडं चुंबकत्व शिल्लक असतं, त्याच्याच जोरावर वीज तयार व्हायला सुरुवात होते. वर्ष-वर्ष पडून राहिला की ते चुंबकत्व मरतं. एव्हीआर सोडवून, ब्रशच्या टोकांना बारा व्होल्टच्या बॅटरीचा क्षणभर स्पर्श दिला की ते परत येतं. उलटसुलट जोडलं तर नुकसान होतं, म्हणून हे मेकॅनिकलाच करू द्या. पण वाइंडिंग बदलायचे सहा हजार कोणी मागितले तर आधी हे करून पाहायला सांगा. माझ्या धंद्याच्या विरोधात बोलतोय, पण असो. साध्या दोन-ब्रशवाल्या रोटरऐवजी कपॅसिटरवर चालणारी मशीनंही येतात. त्यांत बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो, तो स्वस्तात मिळतो.

आता किती मोठा घ्यावा. इथे सगळं तुमच्या मोटरवर अवलंबून आहे.

मोटर बाजूला ठेवून घरचा हिशोब करू. सिंगल डोअरचा फ्रिज चालताना शंभर-दीडशे वॅट, सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. तीन साधे पंखे सव्वादोनशे. सहा एलईडी दिवे साठ. टीव्ही आणि मोबाइल धरून सव्वाशे. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज व्हायला अडीचशे-तीनशे. गोळाबेरीज फार तर साडेआठशे-पावणेनऊशे वॅट. दोन केव्हीएचा जनरेटर साधारण सोळाशे वॅट देतो, म्हणजे अर्ध्याच्या थोडा वर लोड पडला आणि फ्रिजच्या झटक्याला जागा राहिली. हे प्रमाण मला आवडतं. जनरेटर पन्नास ते पंचाहत्तर टक्क्यांवर चालावा.

आता बोअर. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट हे पुस्तकात. ते मोटरच्या दांड्यावर मिळतात. तुमच्या बोर्डवरून सिंगल फेजची सबमर्सिबल अकरा-बाराशे वॅट तरी घेते, म्हणजे सात-आठ अँपिअरच्या आसपास करंट घेते आणि सुरू होताना त्याच्या तीन ते पाच पट. दोन केव्हीएच्या जनरेटरची कुवत जेमतेम पावणेनऊ अँपिअरची. बटण दाबलं की इंजिन घुसमटतं, व्होल्टेज दीडशेवर येतं, मोटर जागेवर गुणगुणत राहते, आणि एवढ्यात तुम्ही पॅनल बंद केलं नाही तर वाइंडिंग जळतं. बोअरमधून मोटर वर काढायचा खर्च तुम्हाला माहीत आहेच. रावेर-यावलकडे पाणी किती खोल गेलंय ते मी सांगायला नको. एक एचपीची सबमर्सिबल निश्चिंत चालवायची तर चार-पाच केव्हीएचा जनरेटर लागतो. तो तुमच्या बजेटात बसत नाही, आणि दोघांनी उचलल्याशिवाय हलतही नाही.

माझं मत विचाराल तर मोटरचा नाद सोडा. पाणी वादळाआधी साठवता येतं. मे महिन्याच्या शेवटी दुपारी आभाळ भरून आलं, सातपुड्याकडून वारा सुटला, की पहिलं काम टाकी भरायची. दोनशे-तीनशे रुपयांच्या फ्लोट व्हॉल्व्हवर किंवा वॉटर अलार्मवर खर्च करा, पाचशे लिटरची एक टाकी वाढवा. मोटरसाठी जनरेटर दुप्पट मोठा घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. शिवाय मोठा जनरेटर दोन पंख्यांवर चालवला तरी तासाला अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल पितोच.

प्रकारांचं थोडक्यात सांगतो. पंचवीस हजारांत तीन गोष्टी दिसतील. सगळ्यांत स्वस्त ते छोटे टू-स्ट्रोक, सहाशे-आठशे वॅटचे. हलके असतात, पण पेट्रोलमध्ये मापाने तेल मिसळावं लागतं, धूर करतात, आणि त्यांच्यावर लिहिलेले वॅट मी कधी पुरते मोजलेले नाहीत. मंडपवाल्याला चार दिव्यांना ठीक. दुसरा प्रकार उघड्या पाइपच्या चौकटीतला फोर-स्ट्रोक, दोन-अडीच केव्हीए. आवाज मोठा, पण दुरुस्तीला सोपा, भाग कुठेही मिळतात. तुम्हाला हाच सांगेन. तिसरा सुटकेससारखा बंद इन्व्हर्टर जनरेटर. आवाज कमी, वीज स्वच्छ, पेट्रोल कमी. पण चांगला घ्यायचा तर बजेट वाढवावं लागेल, आणि आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं की आमच्यासारख्याच्या हातात काही उरत नाही. रॉकेलवर चालणारे जुने सेकंडहँड मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. रेशनचं रॉकेल आता जवळपास बंदच झालंय. घेताना मशीनवर आवाजाची मर्यादा ८६ डेसिबल लिहिलेली पट्टी आहे का ते पाहा. भारतात विकायच्या पेट्रोल जनरेटरला ती मर्यादा आहे, आणि पट्टीच नसेल तर माल कुठून आला याची शंका घ्यावी.

दुकानातच पेट्रोल घालून, लोड लावून, मीटरने व्होल्टेज पाहून मग पैसे द्या. मोकळा चालताना २३०-२४० व्होल्ट आणि बावन्नच्या आसपास हर्ट्झ दिसेल, लोड पडला की पन्नासवर येईल. लोडवर व्होल्टेज २१० च्या खाली उतरत असेल तर घेऊ नका.

आता जोडणी. इथे मी कोणाशी तडजोड करत नाही. एका घरी दुरुस्तीला गेलो होतो, तिथे एक वायर भिंतीला टांगलेली होती. तिच्या दोन्ही टोकांना थ्री-पिन टॉप. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं घरच्या सॉकेटमध्ये, की सगळं घर उजळतं. मी पक्कड काढून ती वायर मधोमध कापली आणि मालकाला म्हटलं, माझी मजुरी देऊ नका पण ही पुन्हा करू नका. कारण समजून घ्या. मेन स्विच बंद करायला विसरलात तर तुमची वीज मीटरमधून उलटी डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर जाते. जो ट्रान्सफॉर्मर अकरा हजार व्होल्टचे चारशे करतो, तोच उलट्या दिशेने चारशेचे अकरा हजार करतो. वर खांबावर लाइनमन तार जोडत असतो, लाइन बंद आहे असं समजून. कोणी म्हणेल, एवढासा जनरेटर अख्ख्या गावाचा लोड पडल्यावर बंदच पडेल. पुष्कळदा पडतोही. पण वादळात तार तुमच्या घरापासून दोन खांबांवरच तुटलेली असेल तर लोड कुठे उरला? आणि लाइनमन येणार तो नेमका त्या तुटलेल्या जागीच. शिवाय अचानक लाइट आली तर दोन्हीकडची वीज समोरासमोर भिडते आणि तुमचा जनरेटर जागेवर संपतो.

वायरमनला बोलवा आणि मीटरनंतर चेंजओव्हर स्विच बसवा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा. खटका एका बाजूला महावितरण, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मध्ये बंद. चुकायची सोयच राहत नाही. हा खर्च जनरेटरच्या किमतीतच धरा. तेवढाही नको असेल तर चांगल्या जाड वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड थेट जनरेटरमधून घ्या आणि फ्रिज, पंखा त्यालाच लावा. बॉडीला अर्थिंग द्या. काही छोट्या मशीनला टेस्टर लावला तर दोन्ही भोकांत लागतो, घाबरू नका, त्यांचा न्यूट्रल मोकळा सोडलेला असतो. तो अर्थला जोडायचा की नाही ते मशीन आणि जोडणी पाहून वायरमननेच ठरवावं.

छतावर महावितरणच्या लाइनला जोडलेलं सोलर असेल किंवा पुढे बसवणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा: लाइन गेली की ते बंद पडतं, तसंच बनवलेलं असतं, आणि पडायलाच हवं. पण जनरेटरची वीज त्याच बाजूला गेली तर त्याला वाटतं लाइन आली, आणि ते जनरेटरमध्येच वीज ढकलू लागतं. वायरमनला हे आधी सांगा.

घरचा इन्व्हर्टर जनरेटरची वीज घेत नाही, अशीही तक्रार येते. त्याच्या मागच्या बाजूला बहुधा यूपीएस आणि नॉर्मल असा खटका असतो. यूपीएसवर असला की तो नखरे करतो. नॉर्मलवर टाका, बहुतेक वेळा चार्जिंग सुरू होतं.

ठेवायचा कुठे? बाहेर. दारा-खिडक्यांपासून किमान वीस फूट, आणि धूर घराच्या उलट दिशेला जाईल असा. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना रंग ना वास, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. माणसाला डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि त्या झोपेतून तो उठत नाही. लोक ऊन असताना बाहेरच ठेवतात. पण पाऊस सुरू झाला की भिजू नये म्हणून उचलून ओसरीत आणतात, आणि वादळात दारं-खिडक्या तर बंदच असतात. जुन्या धाब्याच्या घरांना तर खिडक्याच मोजक्या. पावसाळ्याआधी अंगणाच्या कडेला चार खांब रोवून वर दोन पत्रे टाकून ठेवा, चारही बाजू उघड्या. आमच्या एका गिऱ्हाइकाने जिन्याखाली चालवला होता. सकाळी घरातल्या तिघांना उलट्या सुरू झाल्या. नशिबाने वरच्या मजल्यावरचा मुलगा खाली आला, म्हणून निभावलं.

आणि कापूस. भाव येईपर्यंत आपल्याकडे अर्ध्या घरात कापूस भरलेला असतो. सायलेन्सर इतका तापतो की हात लावला तर कातडी सोलून निघते. कापसाच्या गंजीच्या, कडब्याच्या आसपासही जनरेटर नको. पेट्रोल भरायचं ते बंद करून, दहा-पंधरा मिनिटं थंड झाल्यावर. रात्री टॉर्च वापरा, दिवा-कंदील नको. घरी पेट्रोल किती ठेवता येतं याचाही कायदा आहे: विक्रीसाठी नसेल तर तीस लिटरपर्यंत परवाना लागत नाही, पण भांडं घट्ट बुचाचं हवं, धातूचं असेल तर पंचवीस लिटरपर्यंत, काचेचं असेल तर एका लिटरपर्यंत. पाण्याच्या बाटल्यांत भरून ठेवलेलं पेट्रोल मी घराघरांत पाहतो. घरात लहान मुलं असतात, एवढंच म्हणतो.

देखभालीत तेल सोडलं तर फार काही नाही. या इंजिनांत साधारण सहाशे मिलिलिटर तेल बसतं, ऑइल फिल्टर नसतो, म्हणून सगळा कचरा तेलातच फिरतो. नवीन मशीनचं पहिलं तेल वीस तासांत काढा, त्यात चमकी दिसेल, ती घासून निघालेली धातूची पूड असते. नंतर शंभर तासांनी, धुळीत चालत असेल तर पन्नासला, आणि तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा, वैशाख सरायच्या आत. ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तोच, बहुतेकांत टेन-डब्ल्यू-थर्टी चालतं. दर वेळी सुरू करण्याआधी काडी काढून पातळी बघा. बऱ्याच मशीनमध्ये तेल कमी झालं की स्पार्क तोडणारा सेन्सर असतो. धरणगावकडचे एक काका टेम्पो करून मशीन घेऊन आले होते, स्पार्कच नाही म्हणून. दीडशे मिलिलिटर तेल टाकलं, सुरू. चहा पाजून परत पाठवलं. जमीन उतरती असली तरी हा सेन्सर फसतो, म्हणून फरशीवर सपाट ठेवा.

एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, दोन थेंब तेल लावून पिळून बसवा. पेट्रोलने धुऊ नका. प्लगची फट पाऊण मिलिमीटर. आणि साठवताना सायलेन्सरच्या तोंडाला फडकं बांधा. कुंभारमाशीला ते भोक फार आवडतं, चिखलाचं घर करून ठेवते आणि मग इंजिन गुदमरतं. उंदीर पंख्याच्या जाळीत चिंध्या भरतात. फडकं लाल घ्या, म्हणजे सुरू करताना काढायचं विसरणार नाही.

उन्हाळ्यात मशीनकडून लिहिलेली पूर्ण ताकद मागू नका, तापलेली हवा विरळ असते, इंजिन थोडं कमीच देतं. तोरणमाळसारख्या हजार मीटरच्या वरच्या ठिकाणी न्याल तर आणखी दहा-बारा टक्के जातात. रावेरला उंचीची अडचण नाही, उन्हाची आहे.

खर्चाचं स्पष्ट सांगतो. एका लिटरमागे असा जनरेटर दीड ते दोन युनिट देतो. पेट्रोल लिटरला शंभराच्या पुढे, म्हणजे युनिट पन्नास-सत्तर रुपयांना पडलं. म्हणून चोवीस तास चालवायचा विचारच करू नका. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास चालवा. त्या वेळात फ्रिज गार होतो, बॅटरी जेवढी भरेल तेवढी भरते. मग बंद. रात्री दिवे आणि एक-दोन पंखे इन्व्हर्टरवर. फ्रिजचं दार बंद राहिलं तर चार तास तो गारवा धरतो. डीप फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या तर आणखी. तीन दिवसांना दहा-बारा लिटरमध्ये भागेल. इन्सुलिनचं मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. चालू असलेली बाटली बहुधा काही आठवडे फ्रिजबाहेर ठेवता येते, पण तीस अंशांच्या आत, आणि आपल्याकडे मे महिन्यात तेवढं तापमान घरात कुठे असतं? ओल्या मातीच्या माठात डबी ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत.

सुरू करायची रीत: कॉक उघडा, चोक लावा, लोड सगळा बंद. दोरी आधी सावकाश ओढून जड लागेपर्यंत न्या, मग एकच झटका. सुरू झाला की चोक हळूहळू काढा, दोन मिनिटं तापू द्या, मीटर बघा, मग आधी फ्रिज लावा, कारण झटका त्याचा मोठा, आणि मग बाकीचं.

आता आबांच्या जनरेटरबद्दल. नवीन घेण्याआधी तो एकदा बघा, असं मी म्हणेन. ते विकायला तयार असतील तर कार्बोरेटर सोडवून साफ करायचा, नवा प्लग, ताजं तेल, नळी. हजार-बाराशेत सगळं होईल आणि निम्म्या किमतीत चांगलं मशीन पदरात पडेल. त्याआधी तीन गोष्टी मला कळवा: त्याच्या पाटीवर किती केव्हीए लिहिलंय, तेलाची काडी काढल्यावर तेल काळं दिसतं की दुधाळ, आणि प्लग काढून दोरी ओढल्यावर ती मोकळी फिरते की अडकते. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी गेलंय. दोरी अडकत असेल तर त्या मशीनचा विचार सोडा.